किरकीला कुणी हसले नाही

इंग्रजी लिहायचे तर बिनचूक लिहा, जमत नसेल तर लिहू नका. हे मत आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत इतके मुरले आहे की ते एक मत आहे आणि त्यावर वाद होऊ शकतो, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. महामार्गावरच्या ढाब्याने थंड बिअरची पाटी लावली आणि ‘चिल्ड’ लिहिताना रंगाऱ्याच्या हातून ‘चाइल्ड’ झाले, की त्या पाटीचा फोटो निघतो आणि चार गटांतून फिरतो. खाण्याच्या गाडीवर ‘स्नॅक्स’च्या जागी साप अवतरले, शिकवणीच्या जाहिरातीत ‘इंग्लिश’ याच शब्दाचे स्पेलिंग चुकले, की तेच. फोटो पुढे पाठवणाऱ्यांत मराठी माध्यमातून शिकलेले, कष्टाने इंग्रजी कमावलेले लोकही पुष्कळ असतात. हा लेख त्या हसण्याच्या विरोधात आहे, आणि त्यामागे जो विचार उभा आहे त्याच्या तर जास्तच.

विचार असा मांडला जातो. भाषेला नियम असतात. नियम सगळ्यांना सारखे. जो पाळत नाही त्याने शिकण्याचा आळस केला किंवा त्याची कुवतच कमी. चुकीला आज हसलो नाही तर उद्या चूक रूढ होईल आणि भाषा बिघडेल. शेवटचे वाक्य ऐकायला जबाबदारीचे वाटते, म्हणून या विचाराला मान मिळतो. पण त्याच्या मुळाशी असलेले ‘नियम सगळ्यांना सारखे’ हे गृहीतक खोटे आहे. इंग्रजीत कोणती चूक रूढ झाली आणि कोणती थट्टेवारी गेली, हे चूक किती मोठी यावर ठरलेले दिसत नाही. ती कुणाच्या हातून झाली, यावर ठरलेले दिसते.

आपल्या दारातलेच उदाहरण घेऊ. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकीला दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांची लढाई झाली. कंपनीच्या कागदांत ती ‘किरकी’ची लढाई म्हणून नोंदली गेली. ‘ख’चा ‘क’ झाला, ‘ड’चा ‘र’ झाला, स्वरही बदलला. पुढे तिथे छावणी वसली तीही किरकीचीच. तिथल्या युद्धस्मशानाचे नाव आजही इंग्रजीत ‘किरकी वॉर सिमेटरी’ असेच आहे. पुण्याचे ‘पूना’ झाले, ठाण्याचे ‘ठाणा’. वसईचे ‘बसीन’ पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजांच्या लेखणीत उतरले आणि १८०२ चा तह इंग्रजी इतिहासग्रंथांत अजून बसीनचाच तह आहे. अहमदनगरातल्या ‘नगर’चे त्या काळच्या इंग्रजी नकाशांवर ‘नग्गर’ झालेले सापडते. ज्या अधिकाऱ्यांनी ही नावे लिहिली त्यांच्या हाताखाली मोडी वाचणारे कारकून होते, विचारायला गावकरी होते, आणि बरोबर उच्चार ऐकायला त्यांना दोन पावलेही चालावे लागले नसते. तरी त्यांनी जसे ऐकू आले तसे लिहिले, सरकारी शिक्का बसला, आणि दीड-दोनशे वर्षे आपण आपल्याच गावांची नावे इंग्रजीत त्यांच्या चुकीप्रमाणे लिहीत राहिलो. किरकीला कुणी हसले नाही.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली अँग्लो-इंडियन शब्दांचा जो कोश काढला, त्याच्या नावाची कथा याहून बोलकी आहे. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत ‘या हसन, या हुसेन’ असा टाहो फोडला जातो. गोऱ्या शिपायांच्या कानाने त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ केले. एका समाजाच्या शोकाचा आक्रोश त्यांना दोन इंग्रजी आडनावांसारखा ऐकू आला, आणि तेच कोशाचे नाव झाले. कोश फार मोलाचा आहे. शिपायाच्या तोंडी शब्द कसा मोडला, कोणत्या वाटेने गेला, कुठे जाऊन स्थिरावला, हे त्या दोघांनी अपार कष्टाने शोधले. त्या कष्टांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मागणी एवढीच आहे की शिपायाच्या चुकीकडे विद्वानांनी ज्या कुतूहलाने पाहिले, त्यातले थोडे कुतूहल आपल्या रंगाऱ्याच्या वाट्यालाही यावे.

यावर एक उत्तर ठरलेले असते. ती परक्या मुलखातली नावे होती, तिथे ढिलाई झाली असेल. पण स्वतःच्या भाषेत इंग्रज काटेकोर आहेत. नाहीत. इंग्रजी स्पेलिंगचा इतिहास ज्याने वरवर जरी पाहिला आहे त्याला हे उत्तर देता येणार नाही.

‘आयलंड’ या शब्दात एक ‘एस’ आहे, जो कुणीच उच्चारत नाही. तो तिथे का आहे? जुन्या इंग्रजीतल्या मूळ शब्दात तो नव्हता. लॅटिनवरून फ्रेंचमार्गे आलेला ‘आइल’ हा दुसराच, नात्याने काहीही न लागणारा शब्द होता. त्यात ‘एस’ होता. दोन्ही शब्द एकाच कुळातले असणार अशी समजूत करून घेऊन शिकल्यासवरल्या लोकांनी तो ‘एस’ इकडे आणून बसवला. ‘डेट’, म्हणजे कर्ज, या शब्दातला ‘बी’ असाच. फ्रेंचमधून आला तेव्हा शब्दात ‘बी’ नव्हता. लॅटिन पूर्वजाची आठवण राहावी म्हणून पंडितांनी तो घातला, आणि कित्येक पिढ्यांची मुले त्या मुक्या अक्षरापायी छड्या खात आली. ‘कुड’मधला ‘एल’ तर निव्वळ ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या देखादेखी आला; त्या दोघांत तो मुळापासून होता, याच्यात कधीच नव्हता. ‘टार्मिगन’ नावाचा एक डोंगरी पक्षी स्कॉटलंडमध्ये आढळतो. शब्द गेलिक भाषेतला. सतराव्या शतकात कुणा विद्वानाला तो ग्रीक वाटला, म्हणून ग्रीक शब्दांच्या थाटात त्याच्या तोंडाशी एक ‘पी’ जोडला गेला. तो आजही तिथे आहे. हा ‘पी’ गाळून लिहिणारे मूल आज स्पेलिंगच्या स्पर्धेतून बाद होते.

आणि ‘सिलॅबस’. हा शब्द तर आता मराठीच झाला आहे. जूनपासून मार्चपर्यंत महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत तो रोज उच्चारला जातो. रोमन लेखक सिसरोने आपला मित्र अॅटिकस याला लिहिलेल्या पत्रांत गुंडाळी-ग्रंथाला लावायच्या चामड्याच्या चिठ्ठीसाठी एक ग्रीक शब्द आला आहे, ‘सिट्टुबा’च्या जवळपासचा. पंधराव्या शतकात ती पत्रे छापली गेली तेव्हा त्याचे भलतेच रूप छापले गेले. पुढच्या पंडितांनी ते खरे मानले, त्याला ग्रीकमध्ये खोटी व्युत्पत्तीही शोधून दिली, आणि त्यातून यादी, अनुक्रम, अभ्यासक्रम असे अर्थ फुटत गेले. म्हणजे विद्यार्थ्याने काय बरोबर लिहावे हे ठरवणाऱ्या कागदाचे नावच छपाईतल्या चुकीतून जन्मले आहे. जुळाऱ्याच्या किंवा नकलनविसाच्या त्या चुकीला आज कुणी चूक म्हणत नाही. मीही म्हणत नाही. सिलॅबस हा आता पूर्ण शुद्ध शब्द आहे. पण तो शुद्ध झाला तो विद्वानांच्या टेबलावरून पुढे सरकल्यामुळे, हे विसरता कामा नये.

या सगळ्या चुकांची दिशा पाहा, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे. पंडितांनी जी अक्षरे घुसवली ती उच्चारापासून दूर नेणारी होती. ‘एस’, ‘बी’, ‘एल’, ‘पी’, सगळी मुकी. ढाब्याचा रंगारी चुकतो तो उच्चाराच्या दिशेने. तो देवनागरीत शिकलेला आहे. ऐकले ते लिहायचे आणि लिहिले ते वाचायचे, ही शिस्त त्याच्या हातात पहिलीपासून बसली आहे. ऱ्हस्व-दीर्घाचे अपवाद सोडले तर मराठी लिपी त्याला दगा देत नाही. हाच माणूस रोमन लिपीकडे वळतो तेव्हा कानावर विश्वास ठेवतो, आणि इंग्रजी त्याला त्याची शिक्षा देते. त्याची चूक समजुतीची आहे, तिच्यामागे तर्क आहे. आयलंडमधल्या ‘एस’मागे फक्त गैरसमज होता. दोन्हींत जास्त क्षम्य कोणती हे वाचकाने ठरवावे.

इंग्रजीचे स्पेलिंग तर्काने सुधारण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. नोआ वेब्स्टर यांनी अमेरिकन कोशात ‘कलर’मधला ‘यू’ काढला तो टिकला. ‘टंग’ आणि ‘विमेन’ यांची सरळ स्पेलिंगे त्यांनी सुचवली ती कुणी घेतली नाहीत. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये सरकारी छापखान्याला ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगे वापरण्याचा हुकूम दिला. वृत्तपत्रांनी त्यांची इतकी टर उडवली आणि संसदेने इतका विरोध केला की वर्ष संपण्याआधी माघार घ्यावी लागली. शिकागो ट्रिब्यूनने १९३४ पासून काही सोपी रूपे चालवून पाहिली, १९७५ मध्ये तीही सोडली. स्पेलिंग शहाणपणाच्या जोरावर टिकत नाही आणि बदलतही नाही. सवय आणि वजन यांवर त्याचा कारभार चालतो. म्हणूनच ते कुणाची बुद्धी मोजायला घेऊ नये.

वजनाचा आणखी एक दाखला खुद्द कोशकचेरीतला आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९३१ च्या जुलैत मेरियम-वेब्स्टरचे रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी एक चिठ्ठी पाठवली. मोठा ‘डी’ किंवा छोटा ‘डी’ हा घनतेसाठी संक्षेप म्हणून वापरतात, अशी ती नोंद. इंग्रजीत ‘डी ऑर डी’. ती संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. कुणीतरी मधल्या मोकळ्या जागा मिटवल्या, ‘डॉर्ड’ असा एक सलग शब्द तयार झाला, त्याला उच्चार दिला गेला, नाम म्हणून वर्गीकरण झाले, आणि १९३४ च्या वेब्स्टरच्या दुसऱ्या बृहद्कोशात ‘भौतिकी व रसायनशास्त्रातील घनता’ असा अर्थ घेऊन तो छापला गेला. २८ फेब्रुवारी १९३९ पर्यंत कुणाला काही दिसले नाही. त्या दिवशी एका संपादकाच्या लक्षात आले की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही. मग शोध झाला, दुरुस्तीचा आदेश निघाला, आणि तरी तो शब्द नसलेली आवृत्ती बाजारात यायला १९४७ उजाडले. पुढे वेब्स्टरच्या तिसऱ्या कोशाचे प्रमुख संपादक झालेले फिलिप गोव्ह यांनी १९५४ मध्ये ही सगळी हकीकत एका भाषाविषयक नियतकालिकात लिहून ठेवली. शब्द काढावा लागला याची त्यांना थोडी हळहळही वाटली होती.

जगातल्या अत्यंत काळजीपूर्वक चालणाऱ्या कोशकचेऱ्यांपैकी एकीत, तज्ज्ञांच्या हातांखालून, अस्तित्वातच नसलेला शब्द तेरा वर्षे छापील राहिला. यावरून कुणी मेरियम-वेब्स्टरला अडाणी म्हटले नाही, आणि म्हणूही नये. मोठे काम करणाऱ्या माणसांच्या हातून अशी चूक होते. त्या कचेरीने ती शोधली, कबूल केली, तिची कहाणी लिहिली. पाटी रंगवणाऱ्याला मात्र कबुलीची संधीही नसते. त्याला कुणी सांगतच नाही. फोटो त्याच्या पाठीमागे निघतो आणि त्याच्या माघारीच फिरतो.

ज्यांना ही उदाहरणे जुनी वाटतात त्यांनी हातातल्या फोनकडे पाहावे. एका दुव्यावरून आपण दुसऱ्या पानावर जातो तेव्हा ब्राउझर त्या नव्या पानाच्या सर्व्हरला कळवू शकतो की हा वाचक अमक्या ठिकाणाहून आला. त्या निरोपाच्या ओळीचे नाव ‘रेफरर’. शब्दकोशाप्रमाणे त्याच्या मध्यभागी ‘आर’ हे अक्षर जोडीने हवे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप हॅलम-बेकर यांनी ही ओळ सुचवली तेव्हा जोडीतला एक ‘आर’ गळला. ते कुणाच्या लक्षात आले नाही, कारण तेव्हाच्या युनिक्स या संगणकप्रणालीवरच्या स्पेलिंग तपासनिसाला बरोबर आणि चूक ही दोन्ही रूपे अनोळखी होती. मे १९९६ मध्ये ‘आरएफसी १९४५’ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ते चुकीचे रूपच अधिकृत झाले. तोवर ते इतक्या यंत्रांत शिरले होते की दुरुस्ती करणे म्हणजे सगळ्या जगाचे संभाषण तोडणे. २०२२ च्या ‘आरएफसी ९११०’मध्येही ते तसेच आहे, आणि शेजारी नोंद आहे की हे स्पेलिंग चुकीचे आहे. पुढे याच माहितीवर नियंत्रण ठेवणारी दुसरी एक ओळ आली, तिच्या नावात मात्र दोन्ही ‘आर’ जागेवर आहेत. आज पुण्यात किंवा नाशकात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलीने पहिल्या ओळीचे नाव शब्दकोशाप्रमाणे बरोबर लिहिले तर तिचा प्रोग्रॅम ती ओळ ओळखत नाही. तिला एका ठिकाणी चूक पाठ करावी लागते आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबर. युनिक्स घडवणारे केन थॉम्पसन यांनी नवी फाइल तयार करण्याच्या आज्ञेतला शेवटचा ‘ई’ गाळला होता. पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल, असे विचारल्यावर तो ‘ई’ घालीन असे त्यांनी सांगितले. ‘गूगल’ हे नावही ‘गूगोल’ या मोठ्या संख्येच्या नावाचे स्पेलिंग १९९७ मध्ये चुकल्यामुळे आले, असे संस्थापकांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे. आज मराठीत आपण ‘गूगल कर’ म्हणतो.

स्टॅनफर्डमधली चूक क्रियापद होते आणि सोलापूर रस्त्यावरची चूक विनोद होते. नियम सारखे आहेत असे म्हणणाऱ्यांनी या दोन टोकांमधले अंतर समजावून सांगावे.

ते सांगतील, स्पेलिंग चुकवणारा बडा असला तरी त्याला हसतातच की. आणि ते डॅन क्वेल यांचे नाव घेतील. १५ जून १९९२ रोजी न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या एका शाळेत अमेरिकेच्या या उपाध्यक्षांनी फळ्यावर ‘पोटॅटो’ बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शेवटी एक ‘ई’ जोडायला लावला. त्यांच्या हातात दिलेल्या कार्डावर तेच चुकीचे रूप होते. जग हसले, अजून हसते. हा दाखला मला मान्य आहे. सत्ता असली की थट्टा टळतेच असे नाही. पण या दाखल्यातून निघते ते माझ्याच बाजूचे. त्यांच्या धोरणांवर, भाषणांवर, निर्णयांवर कितीतरी गंभीर वाद घालता आले असते. त्यांतले काय उरले? एक बटाटा. माणसाचे मोजमाप स्पेलिंगवर करायची सवय लागली की बाकीचे मोजमाप सुटते, मग तो माणूस उपाध्यक्ष असो की टपरीवाला.

स्पेलिंग म्हणजे बुद्धी, हे समीकरण खुद्द इंग्रजीच्या थोर कोशकारालाही लागू पडत नाही. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशाने इंग्रजी स्पेलिंगला बहुतांशी आजचे वळण दिले. त्याच कोशाने ‘डिसीट’ला ‘पी’शिवाय आणि ‘रिसीट’ला ‘पी’सह लिहिण्याची विसंगती पक्की केली, जी आजवर निस्तरलेली नाही. घोड्याच्या खुराच्या वरच्या भागाला जो शब्द आहे त्याचा अर्थ त्यांनी घोड्याचा गुडघा असा दिला. एका बाईंनी कारण विचारले तेव्हा अज्ञान हेच कारण, असे सरळ सांगून टाकले. आणि ज्यांना अक्षरे ओळखतानाच अडचण येते अशा मुलांचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता मान्य केली आहे. अशी मुले आपल्या वर्गांत आहेत, आपल्या घरांत आहेत, आणि मोठ्यांचे हे हसणे ती ऐकत असतात. आपल्या मराठीतही ‘न’ आणि ‘ण’ यांवरून, ‘आनी’ आणि ‘पानी’ यांवरून माणसांची जात आणि गाव ओळखून त्यांना गप्प बसवले गेले आहे. इंग्रजीचे हसणे हा त्याच घराण्यातला प्रकार.

आता अनोळखी शब्दांविषयी, कारण स्पेलिंगला हसणारे लोक बहुधा त्यांचे भक्त असतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये शशी थरूर यांनी आपल्या पुस्तकाची घोषणा करताना ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा २९ अक्षरांचा शब्द वापरला आणि देशभर लोक कोश उघडून बसले. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवण्याची सवय, असा त्याचा अर्थ. थरूर यांच्या शब्दसंपत्तीबद्दल मला आदर आहे, आणि लेखकाला शब्दांशी खेळायचा अधिकार आहेच. माझा आक्षेप वाचकांच्या टाळ्यांना आहे. जो शब्द कोश उघडल्याशिवाय कुणालाही कळत नाही त्याला आपण विद्वत्ता म्हणतो. जी पाटी चुकलेल्या स्पेलिंगसकट प्रत्येक वाटसरूला कळते, जिच्यावरून नेमके काय मिळते हे कुणालाही विचारावे लागत नाही, तिला आपण अडाणीपणा म्हणतो. लिहिण्याचा हेतू पोचवणे हा असेल, तर या दोघांत आपले काम कुणी केले?

‘प्रीपोन’चेही तेच. बैठक अलीकडे ओढणे या अर्थाचा हा शब्द भारतीय चूक म्हणून किती वर्षे हिणवला गेला. इंग्रजी शिकवणाऱ्या कित्येकांनी तो वह्यांवर लाल शाईने खोडला. तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे, आणि ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा म्हणून १९१३ मध्येच एका वाचकाने तो न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून सुचवला होता. शब्द गरजेचा होता, नीट घडवलेला होता, आणि वापरणारे कोट्यवधी होते. त्याच्यात एकच खोट होती: तो आपण वापरत होतो.

मग काहीही लिहिले तरी चालेल का, असा प्रश्न येणारच. चालणार नाही. स्पेलिंगने माणसांचे नुकसान होते अशा जागा आहेत आणि तिथे एका अक्षराचीही हयगय नको. २००९ मध्ये ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाने ‘टेलर अँड सन’ या कंपनीचे दिवाळे निघाल्याची नोंद ‘टेलर अँड सन्स’ या कार्डिफच्या दुसऱ्याच, चालत्या कंपनीच्या नावावर केली. एका ‘एस’चा फरक. पुरवठादारांनी माल थांबवला, कंपनी बुडाली, २५० हून अधिक लोकांची नोकरी गेली. २०१५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने कार्यालयाला जबाबदार धरले. औषधांचे तर विचारूच नका. आपल्याकडे डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम २०१६ मध्ये वैद्यक परिषदेला करावा लागला. २००१ मध्ये ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियावरच्या दोन औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने तत्त्व घालून दिले की औषधांच्या नावांत सारखेपणा तपासताना कसोटी जास्त कडक हवी, आणि या देशात इंग्रजी जाणणारे थोडे असल्यामुळे ग्राहकाला तो बारीक फरक कळेल असे इंग्लंडच्या धर्तीवर गृहीत धरता येणार नाही.

या निकालातली न्यायबुद्धी लक्षात घ्यावी. इंग्रजी न येणाऱ्या ग्राहकाला न्यायालयाने दोष दिला नाही. नाव ठेवणाऱ्याने काळजी घ्यावी, असे सांगितले. कार्डिफच्या खटल्यातही जबाबदारी कार्यालयावर टाकली गेली. जिथे चुकीने माणसे मरतात किंवा रस्त्यावर येतात तिथे कायदा अधिकार असलेल्याकडे बोट दाखवतो. आपले हसणे नेमके उलट्या दिशेला जाते. औषधाच्या खोक्यावरचे बारीक अक्षर, विमा पॉलिसीतली न कळणारी इंग्रजी कलमे, बँकेच्या कागदावर चुकलेले आपले आडनाव, यांचे फोटो कुणी गमतीने फिरवत नाही. फिरतो तो वडापावच्या गाडीचा.

शाळेत स्पेलिंग शिकवायला हवे, काटेकोर शिकवायला हवे. इंग्रजीशिवाय नोकरीचे बरेच दरवाजे उघडत नाहीत हे खरे आहे, आणि गरीब घरातल्या मुलाला तर ते बिनचूक येणे जास्त गरजेचे, कारण त्याची चूक कुणी माफ करणार नाही. पण शिकवताना आयलंडमधला ‘एस’ कुठून आला हेही सांगा. ज्या मुलाला कळते की हा ‘एस’ एका जुन्या गैरसमजातून आला, ते मूल त्याला घाबरत नाही, आणि माझा अंदाज आहे की विसरतही नाही.

वृत्तपत्रांच्या आणि मासिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: चुकलेल्या पाट्यांची ‘हसा आणि लठ्ठ व्हा’ छापाची सदरे बंद करा. मुलाखत देणाऱ्याच्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकले असेल तर मुद्रितशोधकाने ते मुकाट्याने दुरुस्त करावे. चूक तशीच ठेवून कंसात तिच्याकडे बोट दाखवू नये. आणि वाचकांनो, तुमच्या गल्लीतल्या दुकानाच्या पाटीवर अक्षर चुकलेले दिसले तर फोन खिशात ठेवा, आत जा, चहा मागवा आणि मालकाला सांगा. फ्लेक्स नवीन छापून घ्यायचा झाला तर बरोबर स्पेलिंग कागदावर लिहून द्या.